दोन वर्षांच्या शिंगरावर खोगीर चढवावं का? (भीमथडी, मारवाडी, काठेवाडी, रेसचे घोडे – पाळणाऱ्या सगळ्यांसाठी धागा)

नीराकाठ
मंडळी, इंदापूर तालुक्यात आमची बागायत आहे. आजोबांच्या वेळी दारात घोडं असायचं, पुढे पागेत पाण्याची मोटर आणि खताच्या गोण्या आल्या. गेल्या हंगामात कोकणात उतरणाऱ्या एका मेंढपाळ कुटुंबाकडून भीमथडी घोडी घेतली. रंग कुमैत (तांबूस अंग, काळी आयाळ), कपाळावर चांदणी, मागचा एक पाय पांढरा. दोन वर्षं नुकतीच पूर्ण झालीत. मोरखी (तोंडाभोवतीची दोरी) घालू देते, चारही पाय उचलू देते, घरातल्या पोरांच्या मागे बांधावरून चालत येते.

गावाचं म्हणणं, आता खोगीर चढव, उशीर केलास तर हाताबाहेर जाईल. चुलतभावाला ती लग्नसराईत वरातीला हवी आहे. एक चाबूकस्वार (घोडे शिकवणारा) येऊन पाहून गेला, त्याने महिनाभरात नाचायला शिकवून देतो म्हणून सांगितलं. मला हे मान्य नाही. माझ्या मते दोन वर्षांचं जनावर अजून पोरच आहे आणि त्याच्या पाठीवर बसणं हा अन्याय आहे. पण हे मी मनानं बोलतोय. ज्यांनी घोडे वाढवलेत त्यांनी सांगा, कुठल्या वयात काय शिकवता? भीमथडीला वेगळा हिशेब लागतो का? आणि खाद्याचंही सांगा. आमच्याकडे उसाचं वाढं, हिरवी ज्वारी, गव्हाचा कोंडा आणि दुधाच्या गाईंचं पशुखाद्य भरपूर असतं. यातलं तिला काय चालेल?

वाचनमात्र
फोटो टाका हो घोडीचा! बाकी धागा जागा पकडून वाचणार.

तापीवाला
दादा, घोडी घेतली त्याबद्दल अभिनंदन. आता स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्या घरात तीन पिढ्या घोडी आहे. आमचा बाजार म्हणजे सारंगखेडा, तापीकाठी, एकमुखी दत्ताची यात्रा. दत्तजयंतीला सुरू होते आणि देशभरातून घोडा येतो. तिथं गिऱ्हाईक दोन गोष्टी बघतं, घोड्याचा रुबाब आणि चाल. नुसतं उभं असलेलं शिंगरू कोणी विचारत नाही. आम्ही दीड वर्षाला लगामाची सवय लावतो, दोन वर्षांचा झाला की हलकं पोरगं बसवतो. मारवाडी जनावर तोवर अंगानं भरतं, मान उंच काढतं. रेवाल चाल (स्वाराला हिसका न बसणारी) लहानपणीच बसवावी लागते, मोठेपणी ती सफाई येत नाही. तुमच्या भीमथडीचं मला माहीत नाही, ती बुटकी असते. पण घोडा तो घोडा.

घोडेवैद्य
मी पशुवैद्य आहे. कामाचा बराच भाग घोड्यांचाच असतो. नीराकाठ, तुमचं मन बरोबर सांगतंय, त्यामागचं कारण सांगते.

घोडा दोन वर्षांचा झाला की उंचीनं जवळजवळ पूर्ण वाढलेला दिसतो, म्हणून माणूस फसतो. हाडांच्या टोकाशी वाढीच्या कूर्चा असतात. त्या एकाच वेळी भरून येत नाहीत, खुराकडून सुरुवात होते आणि वर सरकत जाते. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वरची कूर्चा साधारण अडीच वर्षांच्या आसपास बंद होते. पाठीच्या मणक्यांचा नंबर सर्वांत शेवटी, पाच वर्षांनंतरच. म्हणजे आपण जिथं बसतो तोच भाग सगळ्यांत उशिरा पक्का होतो. मारवाडी असो, भीमथडी असो नाहीतर रेसचा घोडा, या क्रमात जातीनं फरक पडत नाही. तापीवाला दादा, लवकर अंग भरणारं जनावर लवकर पिकलं असा अर्थ होत नाही.

दुसरी गोष्ट दातांची. पुढचे दुधाचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमाराला जोडी-जोडीनं बदलतात. याच काळात दाढाही बदलत असतात. त्या तोंडात लोखंड घालून ओढलं तर जनावर मान झटकणारच. मग त्याला "तोंडाचं कडक" म्हणून नाव ठेवतात आणि आणखी जहाल लगाम घालतात.

पण शिकवायचं थांबवू नका. पाठीवर न बसता शिकवण्यासारखं खूप आहे. खाद्याचं रात्री सविस्तर लिहिते. एक गोष्ट आत्ताच: गाईंचं पशुखाद्य तिला अजिबात देऊ नका.

कृष्णाकाठचा_काठेवाडी
डॉक्टरताई, पशुखाद्याचं काय? आमच्या भागात सर्रास देतात.

रानपाखरू
तापीवाला काका, "लहानपणीच बसवावं लागतं" यावर माझा आक्षेप आहे. मी पुण्यात एका रायडिंग क्लबमध्ये रेसमधून निवृत्त झालेले थरोब्रेड घोडे पुन्हा शिकवते. हे घोडे दोन वर्षांच्या वयात शर्यतीत धावतात. त्यातही एक अन्याय आहे, कागदावर सगळ्यांचा वाढदिवस १ जानेवारीला. मार्चमध्ये जन्मलेलं आणि जानेवारीत जन्मलेलं शिंगरू एकाच वयाचं धरतात. आमच्याकडे येतात तेव्हा कित्येकांच्या पुढच्या पायांत जुन्या दुखापती असतात. वय विचाराल तर चार किंवा पाच. घोड्याचं आयुष्य पंचवीस वर्षांचं!

आणि शिकण्याचं म्हणाल तर हे घोडे पाचव्या वर्षी नव्यानं सगळं शिकतात. माणूस चढताना शांत उभं राहणं, सावकाश दुडकी, सरळ रेषेत चालणं, डावीकडे जितकं सहज तितकंच उजवीकडे वळणं. रेसकोर्सवर त्यांना यातलं काही कोणी मागितलेलं नसतं. तरी शिकतात. त्यामुळे उशिरा शिकवलं तर येत नाही, हे मला पटत नाही.

मेंढपाळपुत्र
नीराकाठ, तुमची पोस्ट वाचून फार बरं वाटलं. आमचा वाडा (मेंढपाळांचा फिरता तळ) बारामती भागातला. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या आधी परत घाटावर यायचं, हे आजोबांपासून बघतोय. भीमथडी घोडं म्हणजे आमचं चालतं घर. भांडी, वाघर (मेंढरांभोवती लावायची जाळी), पीठ, नुकती जन्मलेली कोकरं, कोंबड्या, कधी लहान पोरगं, सगळं तिच्या पाठीवर.

तापीवाला दादांनी बुटकी म्हटलं ते खरं आहे, पण ती उंची कामाचीच आहे. रोज सकाळी ओझं चढवायचं, संध्याकाळी उतरवायचं, ते बायकांनी. त्या हातांना पोचेल एवढीच पाठ हवी. घाटातल्या अरुंद वाटेवर बुटकं जनावर तोल सांभाळतं. खूर असे टणक की कित्येकांना आयुष्यात नाल लागत नाही. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, तेव्हा आमच्या वाड्यात आनंद झाला होता. इतकी वर्षं "गावठी तट्टू" म्हणून हिणवलं गेलेलं जनावर ते.

आता तुमच्या प्रश्नाचं. आमच्यात शिंगरावर ओझं घालत नाहीत. ते आईच्या बाजूनं मोकळं चालतं. तिच्याबरोबर ओढा ओलांडतं, ट्रकचा भोंगा ऐकतं, कुत्र्यांत राहतं, रात्री मेंढरांत झोपतं. आई घाबरली नाही की तेही घाबरत नाही. कोणी शिकवायला बसत नाही, तरी तीन-चार वर्षांचं होईपर्यंत त्याला रस्त्यावरचं सगळं ठाऊक असतं. मग पहिल्यांदा रिकामं खोगीर, नंतर हलकं अंथरूण, आणि शेवटी ओझं. तुमची घोडी पोरांच्या मागे चालते, ती अशाच वाड्यात वाढली असणार.

तापीवाला
मेंढपाळपुत्र भाऊ, हिणवायचा हेतू नव्हता. चांगली माहिती दिलीत.

पण एका प्रश्नाचं उत्तर कोणी देत नाही. चार वर्षं घोडा नुसता सांभाळायचा तर चंदी (दाणा) आणि चारा, मोतद्दाराचा (घोडा सांभाळणाऱ्याचा) पगार, औषधपाणी हे कोण भरणार? घोडी विते अकरा महिन्यांनी. एका वेळी एकच शिंगरू. त्यातही नर झाला आणि अंगावर खोटा (अशुभ मानलेला) केसांचा भोवरा निघाला की निम्मी किंमत. ज्याच्या घरात याच्यावर चूल पेटते त्याला दोन वर्षांत विकावंच लागतं. डॉक्टरताई आणि रानपाखरू म्हणतात ते शास्त्र खरं असेल. ते पाळायची ऐपत सगळ्यांत नसते.

टेक्सासची_माहेरवाशीण
तापीवाला दादा, तुमचा मुद्दा इथंही तसाच आहे. मी मूळची सातारची, आता टेक्सासमध्ये असते आणि दोन क्वार्टर हॉर्स पाळते. इथल्या रेनिंग (स्वाराच्या इशाऱ्यावर वळणं, थांबणं) आणि कटिंगच्या (कळपातून गुरू वेगळं काढणं) सर्वांत मोठ्या बक्षिसांच्या स्पर्धा तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असतात. म्हणजे शिकवणी दोन वर्षांतच सुरू होते. पैसा जिथं लवकर मिळतो तिथं घोड्याला थांबायला कोणी देत नाही, देश कुठलाही असो. त्यामुळे हा दोष सारंगखेड्याच्या माथी मारायला मी तयार नाही.

मला इथं शिकायला मिळालेली सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे दाब आणि सुटका. घोडा दाब दिल्यानं शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणी शिकतो. दोरीला हलका ताण द्यायचा, त्यानं अर्धं पाऊल जरी पुढे टाकलं तरी त्याच क्षणी ताण सोडायचा. दोन सेकंद उशीर झाला तर त्याला कळत नाही आपण काय बरोबर केलं. जो माणूस सतत लगाम ओढून धरतो त्याचा घोडा बधिर होतो, कारण त्याला सुटका कधी मिळालेलीच नसते. माझे दोन्ही घोडे "चल", "थांब", "मागे" मराठीतच ऐकतात. शेजारचे लोक येऊन तेच शब्द शिकून गेलेत. :)

खादाड
टेक्सासात "थांब" म्हटल्यावर थांबणारा घोडा! ताई, व्हिडिओ हवाच.

कृष्णाकाठचा_काठेवाडी
भोवऱ्यांचा विषय निघालाच आहे तर लिहितो. माझ्याकडे एक काठेवाडी घोडी आहे आणि एक कच्छी-सिंधी घोडा. काठेवाडीचे कान बघत बसावेत असे, आत वळून टोकाला टोक भिडतं. मारवाडीचेही वळतात, पण काठेवाडीचा बाक जास्त. तोंड छोटं, नाकपुड्या मोठ्या, कपाळ रुंद. कच्छी-सिंधीचे कान जरासेच वळलेले, नाकाचा बांध बाहेर आलेला. तो कच्छमधल्या बन्नीच्या उन्हातला असल्यानं आमच्या कोल्हापूरच्या पावसाला पहिल्या वर्षी फार कंटाळला. खुराला ओल लागून भेगा पडायच्या, कोरडी जागा आणि रोजची सफाई केल्यावर ठीक झाला. चालीला मात्र तोड नाही. पाठीवर पाण्याचा तांब्या घेऊन बसावं, थेंब सांडणार नाही.

ही काठेवाडी घोडी मला परवडली ती भोवऱ्यामुळे. गळ्याखाली देवमण नावाचा शुभ भोवरा असेल तर लोक दुप्पट देतात. डोळ्याखाली आसूढाळ किंवा भलत्या जागी गोम असे अशुभ मानलेले भोवरे असले की दारात बांधत नाहीत. हिला आसूढाळ आहे. घरात वडीलधाऱ्यांनी विरोध केला होता. आज तेच रोज सकाळी तिला खरारा करतात आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत.

घोडेवैद्य
भोवरा म्हणजे केसांची दिशा, गर्भात ठरते. त्याचा घराच्या नशिबाशी संबंध नाही. एवढंच खरं की ओळख पटवण्यासाठी भोवरे फार उपयोगी असतात, म्हणून घोड्याच्या ओळखपत्रावर ते चितारतात. विकत घेणाऱ्यांनी उलटा फायदा घ्यावा. निकोप पायांचं, शांत स्वभावाचं जनावर केवळ भोवऱ्यामुळे स्वस्त मिळत असेल तर बेलाशक विकत घ्या. देवमणाचे पैसे देण्याआधी खूर आणि दात बघा.

आता खाद्य.

घोड्याचं जठर लहान असतं आणि तो ओकू शकत नाही. त्याच्या पोटाची रचना दिवसभर थोडं थोडं चरण्यासाठी आहे. म्हणून मुख्य आहार कोरडा-हिरवा चारा, रोज अंगाच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के, कोरड्या वजनात. चंदी ही त्यावरची भर, तीही एकदम न देता दोन-तीन वेळा विभागून. दोन वर्षांच्या भीमथडीला, काम नसताना, भरपूर चारा आणि मूठ-दोन मूठ भिजवलेला हरभरा पुरे. मीठ-खनिजाची वीट कायम समोर असावी.

पशुखाद्य का नको? गाई-म्हशींच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिनसारखी औषधं मिसळलेली असतात. गाईला ती पचतात. घोड्याच्या हृदयाचे स्नायू ती मारतात, अगदी थोड्या मात्रेतही, आणि त्यावर उतारा नाही. पोत्यावर लिहिलेलं असेलच असं नाही. म्हणून गोठ्यातलं खाद्य पागेत जाऊच देऊ नका, घमेलंसुद्धा वेगळं ठेवा.

गव्हाचा कोंडा. लोकांना वाटतं हा हलका आहार. त्यात स्फुरद फार आणि कॅल्शियम कमी. रोज भरपूर दिला तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. जबडा आणि चेहऱ्याची हाडं सुजतात, घोडा लंगडतो. वाढत्या शिंगराला हे जास्त घातक. कधीमधी मूठभर, एवढंच. उसाच्या वाढ्याचं आणि नेपियरचं तसंच. त्यांतल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम बांधलं जातं. तोंडी लावायला चालेल, मुख्य चारा म्हणून नको. लसूणघासात कॅल्शियम चांगलं असतं, तो मापात ठेवा.

हिरवी ज्वारी घोड्याला देऊच नका. कोवळ्या ज्वारीची किराळ (विषबाधा) सगळ्याच जनावरांना लागते हे तुम्हाला माहीत आहे. घोड्यांत त्याशिवाय मूत्राशय आणि मागचे पाय कायमचे लुळे पडण्याचा आजार होतो. नीट वाळलेला कडबा चालतो.

आणि धनुर्वाताची लस आधी टोचून घ्या. आपल्या सगळ्या पाळीव जनावरांत घोडा धनुर्वाताला सर्वांत हळवा. एक गंजका खिळा पुरतो.

नीराकाठ
डॉक्टरताई, ही पोस्ट छापून पागेच्या भिंतीवर लावतोय. लस उद्याच. फोटो खाली टाकलेत.

चंद्रभागा
काय गोड आहे हो! नजर न लागो.

थोडं अवांतर. मी दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर चालते. रिंगण सोहळ्यातले अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व पाहिलेत का कोणी? एकावर स्वार असतो, दुसरा माउलींचा, त्याच्यावर कोणीच बसत नाही. दोन्ही बाजूंना हजारो माणसं, टाळ-मृदंग, पताका. आणि ते अश्व मधून भरधाव जातात. धावून झाल्यावर लोक टापांखालची माती कपाळाला लावायला झेपावतात, तरी ते शांत उभे. मला घोड्यातलं काही कळत नाही, पण एवढी शांतता मारून येत नसणार.

जुना_स्वार
चंद्रभागाताई, अगदी बरोबर बोललात. मारानं घोडा गप्प होतो, शांत होत नाही. गप्प घोडा एखाद्या दिवशी स्फोटासारखा उडतो.

मी लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरमध्ये (लष्करातली जनावरं सांभाळणारी शाखा) नोकरी केली, सहारनपूरच्या डेपोतही होतो. आता निवृत्त, गावी असतो. नीराकाठ, तुम्हाला पुढच्या दीड-दोन वर्षांचा कार्यक्रम सांगतो.

आत्ता रोज पंधरा-वीस मिनिटं, जास्त नाही. या वयात लक्ष तेवढंच टिकतं. पहिलं काम, दोरीवर नीट चालणं. तुमच्या खांद्याशी तिचं डोकं, तुम्ही थांबलात की तिनं थांबायचं, दोन पावलं मागे म्हटलं की मागे. दोन्ही बाजूंनी करा. बहुतेक लोक डावीकडूनच सगळं करतात आणि मग घोडा उजवीकडून आलेल्या माणसाला बिचकतो. दुसरं काम, अंगाला सगळ्या वस्तूंची ओळख. पोतं, छत्री, घोंगडी, प्लास्टिकचा कागद. वस्तू तिच्याकडे नेऊ नका. जमिनीवर ठेवा, तिला येऊन हुंगू द्या. घाबरली तर दूर जायची मोकळीक हवी, परत येते. तिसरं, रस्ता. बैलगाडी, ट्रॅक्टर, बँडवाले, सगळं लांबून दाखवायचं आणि हळूहळू अंतर कमी करायचं.

अडीचच्या पुढे पोटाला पट्टा आणि मागून लांब लगाम धरून चालवणं. म्हणजे तुम्ही तिच्या मागे चालायचं, ती पुढे. वळणं, थांबणं, चालणं सगळं पाठीवर न बसता येतं. सुरुवात मोरखीवरच करा, तोंडात काही घालू नका. साडेतीन झाल्यावर डॉक्टरांकडून दात तपासून साधा गुळगुळीत जोड-लगाम.

पहिल्यांदा बसायचं ते चार वर्षांच्या आसपास. बसणारा हलका हवा. ढोबळ नियम असा, खोगीर धरून एकूण भार घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नको. तुमची घोडी वाढून अडीचशे किलोची झाली तर ५० किलो. म्हणजे घरातली शाळकरी पोरं बसतील. तुम्ही आणि तुमचे चुलतभाऊ बसणार नाही. हे वाईट वाटून घेऊ नका, हीच घोडी छोट्या गाडीला जुंपली तर तुम्हा दोघांना आरामात ओढेल.

टेक्सासची_माहेरवाशीण
काका, उत्तम पोस्ट. एकच विचारते, गोल चक्करात लांब दोरीवर फिरवण्याबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत. इथं पहिली गोष्ट तीच करतात.

जुना_स्वार
मुद्दाम लिहिलं नाही, ताई. आपल्याकडे लोक आठ-दहा फुटांच्या दोरीवर अर्धा तास पळवतात, "मस्ती उतरली पाहिजे" म्हणून. लहान चक्करात आतल्या पायावर सगळा भार येतो. चक्कर मोठं हवं, चालीत आणि थोड्या दुडकीत, दोन्ही दिशांना, पाच-पाच मिनिटं. दोन वर्षांच्या जनावराला तेवढंही रोज नको.

घोडेवैद्य
याला माझा पूर्ण पाठिंबा. मस्ती उतरवायची असेल तर मोकळं सोडा. दिवसभर अगाडी-पिछाडीला (पुढून-मागून दोरांनी) बांधलेलं जनावर मस्ती करणार नाही तर काय करेल? वाढत्या हाडांना मोकळं पळणं लागतंच, त्यानं हाडं घट्ट होतात.

रानपाखरू
आता नाचाबद्दल बोलूया का? मूळ पोस्टमधला चाबूकस्वार "महिनाभरात नाच" म्हणतोय. मी पाहिलंय ते सांगते. दोन खांबांमध्ये मान आवळून बांधायची, आत काटे असलेला लगाम, पायांवर काठी, वर ढोल. घोडा वेदनेनं पाय उचलतो आणि लोक म्हणतात ताल धरला. काटेरी लगाम १९६५ च्या ओझ्याच्या जनावरांसंबंधीच्या नियमांनुसार बेकायदा आहे. तरी यात्रांत उघड विकायला असतो.

तापीवाला
रानपाखरू बेटा, तू पाहिलंस ते खोटं नाही. मी पण पाहतो आणि मला लाज वाटते. पण सगळे तसे नसतात, हे पण लिही. आमच्या पागेत काटेरी लगाम वडिलांच्या वेळेपासून बंद आहे. आमचा नाच कसा, तर चंदीच्या वेळी ढोलकी वाजते. शिंगराला ढोलकी म्हणजे तोबरा (दाण्याची पिशवी) आला, एवढं कळतं. ते आपोआप पाय आपटायला लागतं. जो पाय उचलला त्याला हात लावून शाबासकी आणि गुळाचा खडा. पुढे फक्त तेवढाच पाय, तेवढाच वेळ. याला वर्ष जातं, महिना नाही. असा घोडा ढोल ऐकला की कान पुढे करतो. मारून नाचवलेला ढोल ऐकला की कान मागे पाडतो, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. वरातीत उभं राहून बघा, फरक लगेच कळेल.

नीराकाठ दादा, महिन्यात नाचवतो म्हणणाऱ्याला पागेत येऊ देऊ नका. हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो.

रानपाखरू
काका, गुळाच्या खड्याची पद्धत खरंच सुंदर आहे. याच्यावर वेगळा धागा काढा, प्लीज. तुमच्यासारख्यांनी लिहिलं तर यात्रेतले लोक ऐकतील, आमचं कोण ऐकतंय?

मेंढपाळपुत्र
+१. दादा, लिहाच.

कृष्णाकाठचा_काठेवाडी
तापीवाला काकांच्या खर्चाच्या प्रश्नावर मला वाटतं ते सांगतो, कारण तो खरा प्रश्न आहे. आपण गिऱ्हाईकांनी बदललं पाहिजे. मी घोडा घ्यायला गेलो तेव्हा "किती वर्षांचा" विचारलं की उत्तर कायम एक वर्ष वाढवून. दात बघितले तर दुधाचे. आपण दोन वर्षांचा नाचता घोडा जास्त पैशाला घेतो म्हणून तो तयार होतो. जन्माची नोंद, मायक्रोचिप आणि "पाठीवर कोणी बसलेलं नाही, दोरीवर उत्तम चालतो" असं असलेल्या शिंगराला मी खुशीनं जास्त देईन.

तापीवाला
कृष्णाकाठचे भाऊ, असे दहा गिऱ्हाईक आणा, पुढच्या यात्रेत तशी दहा शिंगरं उभी करतो. हे थट्टेत घेऊ नका. दोन शिंगरं यंदा तशीच ठेवायचा विचार करतोय. दोरीवर तयार, पाठ कोरी. बघू बाजार काय म्हणतो.

घोडेवैद्य
तापीवाला दादा, मनापासून आभार. त्या दोघांची जन्मतारीख आणि दातांचा दाखला कुठल्याही पशुवैद्याकडून लेखी घेऊन ठेवा, सौद्यात उपयोगी पडेल.

नीराकाठ
सगळं दोनदा वाचलं. घरात बसून चुलतभावालाही वाचून दाखवलं. तो वजनाच्या मुद्द्यावर गप्प झाला, कारण तो ९० किलोचा आहे. आता ठरलंय असं: वरात नाही. चाबूकस्वाराला नाही म्हणून कळवलं. जुना_स्वार काकांचा कार्यक्रम सुरू, रोज संध्याकाळी माझी मुलगी दोरी धरणार. चौथ्या वर्षी तीच पहिली बसेल. मेंढपाळपुत्र, तुमच्या वाड्यात शांत वयस्क घोडी असेल तर सांगा. एकटं शिंगरू सैरभैर होतं असं दिसतंय, सोबत हवी.

मेंढपाळपुत्र
सोबत हवीच, घोडं कळपातलं जनावर आहे. मावशीकडे एक चौदा-पंधरा वर्षांची घोडी आहे. ओझ्याला आता थकली, पण स्वभावानं सोनं. पाण्यात, घाटात, रस्त्यावर कुठं घाबरत नाही. तुमची तिच्या मागं चालून निम्मं शिकेल. व्यनि (खासगी निरोप) करतो.

नीराकाठ
अहो, यापेक्षा चांगलं काय! डॉक्टरताई, नवीन घोडी आणण्याआधी काय तपासू? आणि दिवाळीनंतर दोघींना अकलूजच्या बाजारात नुसतं फिरवून आणावं असं वाटतंय, गर्दीची सवय म्हणून. चालेल ना?

घोडेवैद्य
आणण्याआधी ग्लँडर्ससाठी रक्त तपासा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून नमुना पाठवतात. हा रोग माणसालाही होतो आणि त्यावर घोड्यासाठी उपचार नाही, बाधित जनावर कायद्यानं दयामरण देऊन पुरावं लागतं. सोबत सर्रा या रोगाची तपासणीही करून घ्या. घोडमाशीनं पसरतो, वेळेत सापडला तर औषध आहे. अहवाल येईपर्यंत दोघींना वेगळं बांधा, पाण्याची बादली आणि खरारा वेगळा.

अकलूजला यंदा नका नेऊ. बाजारात अनोळखी जनावरांच्या नाकाला नाक लागतं, पाण्याचा हौद एकच असतो. तिची लस, तपासणी होऊ द्या, वय वाढू द्या. गर्दीची सवय गावच्या आठवडे बाजाराच्या कडेला उभं करूनही लागते. पुढच्या वर्षी न्या, पाण्याची बादली घरून घेऊन.

तापीवाला
आणि बाजारात कोणी फार चांगली किंमत सांगितली तर विकू नका, दादा. सारंगखेड्याला या, मी चहा पाजतो.